तीन हातांचं पाणी

पौषातलं ऊन साताऱ्यात उशिरा येतं आणि लवकर जातं.

अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याशी, जिथे रस्ते संपून चढ सुरू होतात, तिथे तर ते पाहुण्यासारखं येतं. दारापर्यंत येतं, विचारपूस करतं, बसत नाही. दक्षिणेकडे झुकलेला सूर्य दुपार कलताच किल्ल्याच्या खांद्याआड होतो, आणि डोंगराची जांभळी, शीतल, संथ सावली एकेक गच्ची ओलांडत खाली उतरते. आधी पाण्याच्या टाक्या विझतात, मग दोरीवरचे कपडे, मग खिडक्या. दूर पूर्वेला जरंडेश्वराच्या माथ्यावर अजून सोनं असतं. इथे मात्र घराघरांतून दिव्यांची बटणं दाबली जातात.

त्या अवेळी उतरणाऱ्या सावलीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पिसाळांचं घर होतं.

घर थकलं होतं. दोन वर्षांच्या आजारपणाने त्याच्या भिंती थकल्या होत्या, पडदे थकले होते, स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा कण्हल्यासारखा फिरत होता. हॉलच्या मधोमध, खिडकीला लागून, आईची लोखंडी कॉट असे. पावसाळा सरता सरता आई गेली. कॉट भाड्याची होती, ती परत गेली. पण जिथे ती होती तिथल्या फरश्या बाकीच्या फरश्यांहून उजळ राहिल्या होत्या. एक लांबट, फिकट, स्वच्छ चौकोन. कोणी त्यावर खुर्ची ठेवली नाही, कोणी त्यावरून चालत गेलं नाही. घरातली तीन माणसं त्याला वळसा घालून जात, जसा प्रवाह दगडाला घालतो.

तीन माणसं. शामराव पिसाळ, ज्यांना मुलं आबा म्हणत. आयुष्यभर त्यांनी एस.टी. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर, विशेषतः बायको गेल्यावर, त्यांचा आवाज कुठल्याशा गाडीत बसून निघून गेला होता. थोरला सुजय, एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीने कामाला. कधी पहाटे जाणारा, कधी दुपारी, त्यामुळे सदैव अर्ध्या झोपेत असलेला. आणि धाकटी नेत्रा, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आईच्या आजारपणासाठी पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली, आणि आई गेल्यावरही घरीच राहिलेली.

आजारपणाने ह्या घराला एक रीत लावली होती. जो जवळ असेल त्याने करायचं, आणि बोलायचं नाही. आईला पाणी हवं असेल, तर जो जवळ असेल तो देई. तिची कूस बदलायची असेल, तर जो जागा असेल तो बदली. तुझी पाळी, माझी पाळी असं कोणी म्हणत नसे. सांगण्याइतकी शक्ती कोणात उरलेली नसे. एकदा आई एका सकाळी तिघांच्या हातून तीन वेळा पेज प्यायली होती. पोट भरलं आहे असं ती कोणालाही म्हणाली नाही. तिघांना ते कधी कळलंही नाही.

आई गेली. रीत राहिली.

• • •

मार्गशीर्ष सरत असताना बंगळूरच्या एका संशोधन संस्थेचं पत्र नेत्राला आलं. पाच वर्षांचं काम होतं, तिला हवं होतं तेच. संक्रांतीपर्यंत होकार कळवायचा होता.

तिने ते घरात वाचून दाखवलं. आबांनी ऐकलं आणि "बरं झालं" म्हणाले. सुजयने ऐकलं आणि "पार्टी पाहिजे" म्हणाला. मग आबा देवघराकडे वळले, सुजय झोपायला गेला, आणि त्या फिकट चौकोनाच्या काठावर नेत्रा उभी राहिली.

मी गेले तर ह्या घरात काय उरेल, हा प्रश्न तिने स्वतःला एखाद्या शंकेसारखा नाही, एखाद्या मोजमापासारखा विचारला. दोन पुरुष. दोन वेगवेगळ्या वेळची जेवणं. एक टीव्ही, आवाज बंद केलेला. आणि मधोमध ही रिकामी जागा, जिच्याकडे बघायचं नाही म्हणून दोघेही भिंतीकडे बघत बसतील. ह्या घरात काहीतरी जिवंत ठेवून जायला हवं, असं तिला वाटलं. श्वास घेणारं, वाढणारं, दुसऱ्या दिवशी किंचित वेगळं दिसणारं काहीतरी.

म्हणून तिने झाडं आणली.

गोडोलीच्या बाजूच्या नर्सरीतून रिक्षा भरून झाडं आली, आणि सुजय ती दोन दोन करून जिन्याने वर वाहू लागला.

"बायडे, आम्हाला घरात राहायला ठेवणार आहेस का? की मी आणि आबा कुंडीत राहायचं?"

"तुला कुंडीत लावून काय उपयोग, दादा? पाण्याचं नाव काढलं की तुझं तोंड वाकडं होतं. रविवारी तरी आंघोळ केलीस का?"

"आज गुरुवार आहे."

"तेच विचारतेय."

जिन्यात त्याचं हसू घुमलं. त्या घराच्या जिन्यात फार दिवसांनी काहीतरी घुमलं.

तिने आधी उजेड मोजला. मोबाईल घेऊन ती हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहिली, सकाळी, दुपारी, सावली उतरल्यावर. कुठे किती प्रकाश पोचतो आणि किती लवकर आटतो ते तिने पाहिलं. मग त्या फिकट चौकोनावर तिने एक हिरवं बेट रचलं.

मागे, भिंतीशी, एरेका पाम. त्याची पानं म्हणजे हिरव्या पाण्याची कारंजी, वर उसळून खाली वाकलेली. त्याच्या शेजारी रबराचं झाड, गर्द, तुळतुळीत, तांबूस कळीच्या टोकाचं. पुढे तलवारींच्या जुडग्यासारखं स्नेक प्लांट, ज्याच्या पानांवर उजेड आणि अंधार आडव्या लाटांनी रेखले होते. खिडकीच्या गजांवरून मनीप्लांटच्या वेली, हृदयाकार, हरितपीत, हळूहळू वळणाऱ्या. आणि सगळ्यांच्या पुढे, जिथे आईची उशी असे साधारण तिथे, पीस लिली. काळपट हिरव्या पानांतून वर आलेलं एकच फूल, शुभ्र, अर्धोन्मीलित, कोणी ओंजळ धरावी तसं.

घराला शोभा हवी म्हणून तिने चिनीमातीच्या पांढऱ्या कुंड्या घेतल्या. त्यांच्या तळाला भोक नव्हतं. ते तिला ठाऊक होतं. म्हणून झाडं भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांतच ठेवून, त्या कुंड्या तिने पांढऱ्या कुंड्यांच्या आत बसवल्या. बाहेरून सगळं स्वच्छ, गोल, निर्मळ दिसत होतं. आत काय साठतं ते बाहेरून दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा भिंतीवर पानांच्या सावल्या पडल्या. आबा खुर्चीतून त्यांच्याकडे बघत राहिले. खिडकीतून आलेल्या झुळकीने सावल्या हलल्या, आणि आबांचे डोळेही त्यांच्याबरोबर हलले.

जेवताना नेत्रा म्हणाली, "उद्यापासून मी ह्या झाडांना हात लावणार नाही."

"का गं? रुसलीस व्हय त्यांच्यावर?" आबांनी विचारलं.

"ती तुमची आहेत. तुम्ही दोघांनी सांभाळायची. संक्रांतीपर्यंत हिरवी राहिली तर मी बंगळूरला जाईन. नाहीतर नाही."

सुजयचा घास हातातच राहिला. "म्हणजे आमची परीक्षा."

"घराची."

"पेपर तरी सोपा काढ."

"सोपाच आहे. आठवड्यातून एकदा पाणी. आधी मातीत बोट घालून बघायचं. माती बोटाला चिकटली तर पाणी द्यायचं नाही. बस."

दोघांनी माना हलवल्या. पाणी कोणी घालायचं, हे मात्र कोणी विचारलं नाही. ह्या घरात असं विचारण्याची पद्धत नव्हती.

• • •

सकाळ म्हणजे आबांची वेळ. धुक्याने किल्ला पुसून टाकलेला असे, आणि आबा देवांना आंघोळ घालत. पूजा ही आईची होती. ती गेल्यावर त्यांनी ती उचलली, चुकत, अडखळत, कुठल्या देवाला आधी पुसायचं ते विसरत. पूजा झाली की ताम्हणात पाणी साठे. किंचित दूध, हळदीचा पिवळा तवंग, चारदोन अक्षता. ते पाणी मोरीत ओतायचं नसतं. पूर्वी ते गॅलरीतल्या तुळशीला जाई. तुळस आजारपणाच्या धावपळीत वाळली, आणि दुसरी लावायला कोणाचं मन झालं नाही.

नेत्रा आंघोळीला गेली की आबा ताम्हण घेऊन त्या हिरव्या बेटापाशी येत. पोरगा पाळीतून दमून येतो, त्याला कुठलं आठवायला, असं त्यांच्या मनात येई. मग ते वाकत, एका कुंडीत थोडं, दुसऱ्या कुंडीत थोडं, आणि उरलेलं सगळं त्या पांढऱ्या फुलाच्या झाडाला. माती ओली आहे का ते ते बघत नसत. देवाचं पाणी होतं. त्याने कोणाचं वाईट होईल असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही. ओतताना ओठ हलत. कोणता मंत्र, की कोणाचं नाव, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या पूजेनंतर, कधी दुपारी तर कधी रात्री उशिरा, सुजय घरी येई. अंगाला तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. बूट काढण्याआधी तो बॅगेतली बाटली काढे. आबांना काय सुचणार, त्यांचं स्वतःचं जेवायचं लक्षात राहत नाही, असं त्याच्या मनात येई. बाटलीतलं उरलेलं पाणी तो झाडांना घाली, घाईघाईने, चोरट्यासारखा, जणू कोणी प्रेम करताना पाहिलं तर चिडवेल. बोट घालून बघायचं त्याच्या लक्षात असे. पण त्याच्या बोटांना वर्षानुवर्षांच्या कामाने घट्टे पडलेली, बधिर कातडी होती. तिला ओलं काय, कोरडं काय, सारखंच लागे.

मग तो आत जाऊन पडे. पाणी पानांच्या बुंध्याशी क्षणभर चमके, मग आत झिरपून नाहीसं होई. पांढऱ्या कुंड्या पांढऱ्याच राहत.

• • •

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणाकणांमध्ये सूक्ष्म, अदृश्य पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांत हवा असते. मूळ तिथून प्राणवायू घेतं आणि मग पाणी वर चढवतं. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ पाणी पिऊ शकत नाही. आणि मग असं होतं, की पायाशी तळं साचलेलं झाड वर तहानेने मान टाकतं.

बुडणाऱ्या झाडाचं आणि तहानलेल्या झाडाचं पान अगदी सारखंच लोंबतं.

पौष अर्धा झाला तेव्हा पीस लिलीने मान टाकली. आधी बाहेरची पानं, मग आतली, मग ते ओंजळीसारखं फूल देठासकट वाकून कुंडीच्या काठावर टेकलं. मनीप्लांटची पानं पिवळी झाली. आधी एक, लिंबासारखं, जवळजवळ सुंदर. मग पाठोपाठ दुसरी. स्नेक प्लांटची एक तलवार बुंध्याशी मऊ पडली आणि एका सकाळी कोणताही आवाज न करता आडवी झाली. रबराने एकेक जड, तुळतुळीत पान खाली सोडलं, थकलेल्या माणसाने हातातली पिशवी ठेवावी तसं.

किल्ल्याची सावली रोज येत होती. उजेड थोडा, गारवा फार. अशा दिवसांत झाडाला पाणी कमीच लागतं. आणि घरात झाडं मरत होती, म्हणून पाणी वाढत होतं.

आबांनी पानं पाहिली आणि ताम्हणातल्या पाण्याबरोबर आणखी एक तांब्या ओतला. सुजयने पानं पाहिली आणि येताना बाटली मुद्दाम भरून आणली. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. दोघेही झाडांकडे बघत, आणि मग नेत्राकडे बघत, आणि मग दुसरीकडे बघत.

आणि नेत्रा?

नेत्राने आपला शब्द पाळला, काही दिवस. मग एका सकाळी चहा ठेवताना तिने स्वयंपाकघराच्या दारातून ते वाकलेलं फूल पाहिलं. तहान लागली आहे त्याला. कोणी बघतच नाही. मला वाटलंच होतं. ही तीन वाक्यं तिच्या मनात फिरली, आणि त्यांच्या खाली, खोल, एक चौथी गोष्ट फिरली, जी तिने मनातही उच्चारली नाही. तिने भांडंभर पाणी घेतलं, अनवाणी पायांनी गेली, आणि हळूच ओतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मातीत बोट घालून बघण्याची तिला भीती वाटली. मोजणारी मुलगी, तिने पहिल्यांदाच मोजलं नाही.

• • •

संक्रांतीच्या अलीकडच्या रविवारी, सकाळचं ऊन खिडकीच्या गजांतून तिरपं आत पडलेलं असताना, नेत्रा फोन घेऊन त्या पिवळ्या बेटाजवळ बसली. नकार लिहायचा होता. घरगुती कारणांमुळे मला येता येणार नाही. वाक्य साधं होतं. आधी ही मेलेली कुंडी समोरून उचलून ठेवू, मग लिहू, असं तिने ठरवलं.

तिने पीस लिलीच्या प्लॅस्टिकच्या कुंडीला हात घातला, आणि ती थबकली.

कुंडी जड होती. वाळलेलं झाड हलकं असायला हवं. पाण्याला वजन असतं. पाणी गेलं की वजन जातं. ही कुंडी एखाद्या झोपलेल्या मुलासारखी जड होती.

तिने ती उचलून बाहेर काढली. चिनीमातीच्या शुभ्र कुंडीच्या पोटात काळं, संथ, दर्प सुटलेलं पाणी उभं होतं. त्यावर हळदीचा तवंग होता, आणि तळाशी, फुगून पांढरे झालेले, तांदळाचे दाणे. अक्षता.

तिने दुसरी कुंडी उचलली. तिच्यातही पाणी. तिसरी. तिच्यातही.

"आबा! दादा! बाहेर या."

आबा पंच्याला हात पुसत आले. सुजय डोळे चोळत आला. ती फरशीवर बसली होती, भोवती पाणी निथळत होतं.

"ह्यात पाणी कोण घालतं?"

"मी," दोघेही एकाच वेळी म्हणाले. आणि दोघांनी एकमेकांकडे चमकून पाहिलं.

"आबा, तुम्ही?"

"देवाचं पाणी मोरीत कसं वतायचं, पोरी? रोज पूजा झाली की घालतो आपलं."

"रोज? आणि दादा, तू?"

"कामावरून आलो की. बाटलीत उरलेलं असायचं." तो मान खाजवत म्हणाला. "आता आता जरा भरूनच आणत होतो."

"बोट घालून बघायला सांगितलं होतं मी!"

"अगं झाडं मान टाकून पडली होती! त्यात बोट काय घालायचं? माणूस चक्कर येऊन पडला तर आधी तोंडावर पाणी मारतो, का नाडी बघत बसतो?"

"नाडी बघतात, दादा!"

"मग डॉक्टर तू हाईस, आम्हाला कशाला ठेवलं कामावर?"

आबा खाली बसले. ते काळं पाणी त्यांनी पाहिलं, ते फुगलेले दाणे पाहिले. "माझ्याच हातानं मेली म्हण की," ते हळू म्हणाले.

"माझ्या हातानं," सुजय म्हणाला. "तुमचं ताम्हण केवढं, आबा? वाटीभर. मी बाटली बाटली ओततोय."

मग आबांनी लेकीकडे पाहिलं. "तू नाही ना गं घातलंस? तू तर हात लावणार नव्हतीस."

नेत्राने हात मागे घेतले. तिच्या बोटांवरून काळं पाणी ओघळत होतं.

"घातलंस," सुजय म्हणाला. "बायडे, तू पण?"

तिने मान हलवली, आणि सुजय हसला. आधी नाकातून, मग छातीतून, मग भिंतीला टेकून. "तीन-तीन पंप! एका कुंडीला तीन-तीन पंप! बिचाऱ्या झाडाला पोहता तरी यायला पाहिजे होतं." आबाही हसले, खोकले, पुन्हा हसले. आणि हसता हसता नेत्राच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना.

"पण का?" तिने विचारलं. "दोघांनी का? रोज?"

हसू हळूहळू खाली बसलं.

"झाडं वाळली असती तर तू गेली नसतीस," सुजय म्हणाला. त्याने ते फरशीला सांगितलं.

"मग मी जायला हवी होते तुम्हाला?"

"जायला हवीस असं न्हवं," आबा म्हणाले. "थांबू नयेस, असं." त्यांनी घसा साफ केला, आणि गेलेल्या आवाजातला थोडासा आवाज, दूरच्या स्टँडवरून यावा तसा, परत आला. "गाडी लागली की बसावं, पोरी. उगा फलाटावर विचार करीत उभं राहू नये. आयुष्यभर लोकांना तेच वरडून सांगितलं. घरातल्या घरात सांगायला मात्र तोंड उघडंना. म्हणून पाणी घालत बसलो."

खिडकीत ऊन थोडं सरकलं. एक पिवळं पान, कोणी हात न लावता, गळून पडलं.

"आबा," नेत्रा म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मला जायचंय."

"मग?"

"पहिल्या दिवसापासून जायचंय. ते म्हणायची लाज वाटत होती. आई जाऊन वर्षही झालं नाही, आणि मला इथून निघायचंय. म्हणून मी ते झाडांवर टाकलं. झाडं जगली तर मी गेले असं होणार नाही, झाडांनी मला पाठवलं असं होईल. आणि ती मरायला लागली तेव्हा... तेव्हा मी पाणी घातलं. जाता यावं म्हणून."

तीच ती चौथी गोष्ट होती, जी तिने मनातही उच्चारली नव्हती. ती उच्चारली गेली आणि घर कोसळलं नाही. आबांनी पंच्याने तिचे हात पुसले. एकेक बोट, सावकाश, लहानपणी पुसत तसं.

"एवढंच होय?" ते म्हणाले. "मग ते आधी सांगायचं न्हवं का. झाडांना कशाला त्रास दिला?"

• • •

प्रयोग बाद झाला होता. जिथे तीन हात नकळत मिसळले तिथे निष्कर्ष निघत नाही. नेत्राने डोळे पुसले, पदरासारखी ओढणी कमरेला खोचली, आणि जुनी वर्तमानपत्रं आणायला सांगितली.

हॉलभर कागद अंथरले गेले. एकेक झाड उपडं करून, कुंडी थोपटून, मातीच्या ओल्या गोळ्यासकट बाहेर काढलं गेलं. सडलेली मुळं तपकिरी होती, बुळबुळीत. बोटांत धरून ओढली की साल निघून हातात येई. तिने आईच्या शिवणाची कात्री घेतली आणि कापू लागली. सुजय माती फोडत होता; त्याच्या बधिर बोटांना त्या कामात मात्र चूक होत नव्हती. आबा चिनीमातीच्या कुंड्या एकेक करून धुऊन उपड्या घालत होते.

"हे जगेल?" आबा दर झाडाला विचारत.

"हे नाही." स्नेक प्लांटचा मऊ पडलेला बुंधा तिने बाजूला ठेवला. "रबर कदाचित. पाम जगेल. लिलीचं सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हंजे ती आहे अजून," आबा म्हणाले, आणि लिलीची वाकलेली पानं त्यांनी कागदावर नीट, सरळ करून ठेवली.

मध्येच तिने सुजयला म्हटलं, "माझे हात मातीचे आहेत. फोन घे आणि त्या संस्थेला लिही."

"काय लिहू?"

"लिही, येते."

"एवढंच? ‘येते’? एवढ्या मोठ्या संस्थेला? मामाच्या गावाला चाललीस का?"

"बाकीचं मी नंतर नीट लिहीन. तू आधी ते पाठव. कोणाच्या तरी हातून जाऊ दे."

त्याने मातीचा हात पँटला पुसून ते टाइप केलं, एका बोटाने, जीभ दातांत धरून, आणि पाठवलं. फोनमधून एक बारीक आवाज आला. तिघांनी तो ऐकला. कोणी काही म्हणालं नाही. पण ह्या वेळचं ते न बोलणं वेगळं होतं, जड नव्हतं, पाणी काढून टाकलेल्या कुंडीसारखं ते हातात सहज उचललं जात होतं.

माध्यान्ह झाली. सगळी झाडं उघडी पडली होती, कागदांवर ओळीने, पाय लांब करून झोपलेल्या माणसांसारखी. माती सगळीकडे होती; चौकोनावर, चौकोनाबाहेर, चपलांत, सुजयच्या केसांत, आबांच्या चष्म्याच्या काडीवर.

"मग आज पाणी कोण घालणार?" आबांनी विचारलं. आणि पहिल्यांदाच, विचारून, उत्तरासाठी थांबले.

"आज कोणीच नाही," नेत्रा म्हणाली. "उद्याही नाही."

आबांनी मान डोलावली, जणू कोणीतरी त्यांच्या खांद्यावरचं काही उतरवून घेतलं होतं. ते भिंतीला टेकले. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले, आणि तळहात मांडीवर उताणे पडले. त्यांच्या रेषारेषांत काळी माती भरली होती. सुजय तिथेच, कागदाच्या कडेला, हाताची उशी करून आडवा झाला आणि क्षणात घोरू लागला. दोन वर्षांची झोप त्या दोघांवर एकदमच उतरली होती. तिच्यावरही उतरत होती, पापण्यांवर, खांद्यांवर, मनगटांवर, गुडघ्यांवर. आणि तिला उठून काही करायचं नव्हतं, कोणाला काही द्यायचं नव्हतं, कोणासाठी जागं राहायचं नव्हतं.

माती सुकावी म्हणून लावलेला पंखा फिरत होता. माती सुकत होती. आधी कडा फिकट झाल्या. मग कडांपासून आत आत, काळ्याचं तपकिरी होत गेलं, तपकिरीचं राखाडी. मग नेत्राच्या पायापाशी एक ढेकूळ, कोणी स्पर्श न करता, आपलं आपणच, हळूच उकललं. आणि त्याच्या आतून एक मूळ बाहेर आलं, सुताएवढं, पांढरंशुभ्र, कुठेही न सडलेलं, आणि उघड्या हवेत, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, तसंच पडून राहिलं.